छातीतली वाटी

माझ्या छातीत वाटी होती. म्हणजे छातीच्या मधोमध, जिथं दोन्हीकडच्या बरगड्या येऊन मिळतात, तिथलं हाड आत दबलेलं होतं आणि चांगला खोल खळगा पडला होता. घरात त्याला सगळे वाटीच म्हणत. माझी मोठी बहीण, अक्का, मला ओसरीवर उताणं झोपवायची, वाटीत तांब्यानं पाणी ओतायची आणि म्हणायची, "हलू नको, सांडंल." मी श्वास धरून पडून राहायचो. एकदा तिनं वाटीत भाजलेले शेंगदाणे ठेवले आणि एकेक करून सगळे स्वतःच खाल्ले. तरी मला राग आला नाही. बाकीच्या पोरांच्या छातीत काहीच ठेवता येत नव्हतं, बिचाऱ्यांच्या. मला माझी वाटी म्हणजे देवानं चुकून दिलेली जास्तीची वस्तू वाटायची.

ही गंमत एका उन्हाळी दुपारी विहिरीवर संपली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. आमचं गाव शेंद्र्याला लागून. कारखाने आले होते, पण विहिरी अजून बुजल्या नव्हत्या आणि सुटीत पोरांची तिथं झुंबड असायची. मी काठावर चड्डीवर उभा, सूर मारायच्या तयारीत. रोज म्हशी घेऊन येणारा एक थोराड पोरगा होता. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "काय रं, तुह्या छातीवर म्हशीनं पाय दिला व्हय?" त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, तेच वाईट झालं. पाण्यातली पोरं हसून हसून बुडायची बाकी राहिली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी शर्ट घालून विहिरीत उडी मारली. शर्ट पाण्यात फुगतो, तोंडावर येतो, हात अडकतात. म्हणून मग मी पोहणंच सोडलं.

तिथून पुढची तीन-चार वर्षं मी छाती लपवण्याच्या उद्योगात घालवली. दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरायचं, खांदे पुढं आणायचे, शर्ट दोन माप मोठा घ्यायचा. माय म्हणायची, "नीट चाल की रं, म्हातारा झालास का?" त्यात आपली मराठी भाषा माझ्या वाइटावर टपलेली. सगळा पराक्रम हिनं छातीतच ठेवलाय. छाती ठोकून सांग. छाती पुढं काढून चाल. ह्याला छाती लागते. शाळेत एन.सी.सी.ची निवड होती तेव्हा सर पटांगणात म्हणाले, "ज्याची छाती आसंल त्यानंच थांबावं." माझी होती, पण आत होती. मी घरी गेलो.

दहावीच्या वर्षी हिवाळ्यात खोकला धरला आणि काही केल्या जाईना. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मला गावातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. अण्णा शेंद्र्याच्या एका कारखान्यात पत्रा वाकवायच्या मशीनवर होते. पाळी संपली की उरलेली शेती. बोलणं कमी. अंगात कायम पांढरी बंडी, घरातही आणि वावरातही. डॉक्टरांनी माझा शर्ट वर केला, नळी लावायचं विसरले आणि छातीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हेही म्हशीचं विचारतात.

"शहरात नेऊन दाखवा," ते म्हणाले. "आता हे उचलता येतं."

"उचलता येतं म्हंजी?" अण्णांनी विचारलं.

"आत गेलेलं हाड वर आणतात. आतून सळई घालून टेकू देतात."

उचलता येतं. मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं की ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे. नाक नकटं असतं, पाय फेंगडे असतात, तशी आपली छाती, असं मी धरून चाललो होतो. घरी येताना मी अण्णांच्या मोटरसायकलवर मागं बसलो होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता आणि तो सांगायलाही कुणी नव्हतं, कारण लपवलेली गोष्ट आता जाणार आहे हे सांगायचं तर आधी ती होती हे सांगावं लागतं. मी खोकत खोकत गाणी म्हटली.

आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो त्या शहराची पाटी तेव्हा औरंगाबाद होती. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एका सर्जननी मला तपासलं, फोटो काढायला लावले, मशीनच्या बोगद्यातून फिरवून आणलं. मग टेबलाच्या खणातून एक चपटी, चकचकीत पट्टी काढून अण्णांच्या हातात दिली. हीच ती सळई. काखेच्या खाली दोन्ही बाजूंना छोटे काप घ्यायचे, ही पट्टी हाडाखालून आरपार न्यायची आणि उलटी फिरवायची, की हाड वर येतं. अण्णांनी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कारखान्याबाहेर मी त्यांना एवढं खुलताना पहिल्यांदा बघत होतो.

"कडा झक्कास घासल्यात. बेंड कव्हा मारता साहेब, आधी का मंग?"

"तिथंच, ऑपरेशनच्या टेबलावर. त्याच्या छातीच्या मापानं."

"गंजायची नाय ना?"

"नाही गंजत. दोन-तीन वर्षांनी काढून टाकायची."

सर्जन कागदावर काहीतरी लिहीत होते. न बघताच त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाची अशी छाती आहे का? वडील, काका, आजोबा?"

"नाय साहेब," अण्णा म्हणाले. "कुणाचीच नाय." आणि पट्टी टेबलावर जपून ठेवली.

परीक्षा संपली आणि एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर कुणीतरी सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावलीय असं वाटत होतं. दुखणं असं की हसायची चोरी, शिंकायची चोरी, कुशीवर वळायची चोरी. पण मी हनुवटी खाली घातली आणि बघितलं तर मला माझं पोट दिसेना. चादरीखाली मधे काहीतरी आडवं आलं होतं. छाती आली होती. माझी. मी अक्काला बोलावलं आणि म्हटलं, "बघ, पाणी ओत आता." ती रडायला लागली. मला हसू आलं आणि त्या हसण्यानं असा जीव गेला की नर्स धावत आली.

फुफ्फुसं फुगावीत म्हणून प्लास्टिकचं एक खेळणं दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास ओढला की आतले चेंडू वर चढतात. तिन्ही चेंडू एकदम वर गेले त्या दिवशी अक्कानं शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांना बोलावून आणलं. ज्यांना चालता येत होतं ते आले.

गावात माझ्या आधी बातमी पोचली होती. पोराच्या छातीत सळई घातली, हे ऐकून लोक अशा नजरेनं बघायचे की मी म्हणजे नवा स्लॅब. मे महिन्यात वळवाचे ढग आले आणि शेजारची म्हातारी घाईघाईनं सांगायला आली, "लोखंड हाय तुह्या अंगात. इजेच्या वक्ताला भाईर निघू नको." झालं. त्या दिवसापासून आभाळ गडगडलं की माय मला घराच्या मधोमध लाकडी पाटावर बसवायची, पायसुद्धा वर घेऊन.

"आगं, स्टील हाय त्ये, लोखंड नाय," अण्णा सांगायचे.

"इजंला काय कळतंय त्ये?" माय म्हणायची. मी पाटावर बसून राहायचो आणि मला मजा वाटायची. वीज मलाच शोधत येईल एवढं महत्त्व मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

जूनमध्ये शहरात कॉलेज सुरू झालं. घट्ट टी-शर्ट घालून मी बसमधून उतरलो तो सरळ उभा. वाकायला मनाईच होती. सळई वाकू देत नव्हती. एका नव्या दोस्तानं फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं आणि सगळ्यांसमोर माझ्या टी-शर्टवर लावून बघितलं. ते खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. "अबे, ये तो चिपकताच नै," तो म्हणाला. "डाक्टरने फसाया तेरेकू." सगळे हसले, मीही पोट धरून हसलो. मग तो म्हणाला, "शर्ट निकाल, ऐसा नै समझता."

मी टी-शर्टची खालची कड घट्ट धरली. टाके ओले आहेत म्हणालो. टाके केव्हाच सुकले होते.

घरी मी रोज दार लावून कपाटाच्या आरशापुढं उघडा उभा राहायचो. कंपासपेटीतली पट्टी छातीवर आडवी धरायची आणि खालून उजेड दिसतो का बघायचं. दिसायचा नाही. छाती सपाट होती, सुंदर होती, कुणाचीही असते तशी होती. मी वेड्यासारखा खूश व्हायचो. आणि बाहेर पावलं वाजली की हात आपोआप मधोमध यायचा, झाकायला. जे झाकायचं ते तिथं नव्हतंच, पण हाताला ते कोण सांगणार? छातीतून वाटी गेली होती, माझ्या डोळ्यांतून गेली नव्हती. पोरं विहिरीवर बोलवायची, मी डॉक्टरांचं नाव पुढं करायचो. मला भीती वाटायची ती एकच. शर्ट काढावा आणि समोरच्याच्या नजरेत वाटी अजून तिथंच दिसावी.

आणि मग मायनं नवस सांगितला.

दसरा झाला होता. सगळे जेवत होतो. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "मी बोलले व्हते वेरूळच्या महादेवाला. पोराची छाती भरू दे, त्यो सोताच्या हातानं अभिषेक करंल. सोमवारी जायचंय."

माझा घास हातातच राहिला. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. वेरूळच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगात काही घालून जाता येत नाही. शर्ट नाही, बनियनही नाही. उघड्या अंगानंच आत जायचं, अशी तिथली जुनी रीत आहे. माय लहानपणापासून त्या देवळात जात होती, पण बायका साडी-चोळीतच जातात, त्यामुळं हा नियम तिच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. सगळ्या महाराष्ट्रात देव पडलेत, शर्ट घालून भेटणारे, आणि आमच्या मायनं नवस बोलायला नेमका हा निवडला.

"माय, तिथं शर्ट काढावा लागतो," मी म्हणालो.

"मंग काढ की. आता काय झालंय तुला?"

अण्णा खाली मान घालून जेवत राहिले. मला वाटलं, त्यांना तरी माझं कळतंय. कारण आजवर वेरूळला गेलो की माय आणि अक्का आत जायच्या आणि अण्णा म्हणायचे, "जा तुम्ही, मी चपला सांभाळतो." मग मीही त्यांच्याजवळ थांबायचो. मला कुणी विचारू नये, पोरा, तू का नाही गेलास, म्हणून अण्णा आपला देव सोडून बाहेर बसतात, असं मी समजत होतो. त्याबद्दल मला त्यांचं फार वाटायचं.

सोमवारी आम्ही चौघं जीपनं निघालो. दौलताबादच्या किल्ल्यापाशी रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. अक्कानं जीप थांबवून पाटीभर घेतली आणि वेरूळ येईपर्यंत बिया खिडकीतून बाहेर टाकत आली. ती मला हळूच म्हणाली, "डोळे मिट अन् काढ. इंजेक्शन घेतोस तसं." मला एकाच वेळी पळून जावंसं वाटत होतं आणि लवकर पोचावंसंही वाटत होतं. एकदा हे पार पडलं तर आपण मोकळे, हेही कळत होतं. सहा महिने मी आरशाला विचारत होतो, आज माणसांना विचारायचं होतं.

रांग मोठी होती. सभामंडपात आलो तसे पुढचे पुरुष एकेक करून शर्ट काढायला लागले. कुणी खांद्यावर टाकले, कुणी कमरेला बांधले. ढेरपोटे, काटकुळे, केसाळ, पांढऱ्या छातीचे म्हातारे, कुणालाच कुणाचं काही पडलेलं नव्हतं. मी वरचं बटण काढलं. दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. मागचा माणूस म्हणाला, "चला भाऊ, आटपा." माय हातात पूजेचं ताट घेऊन पुढं उभी, वळून बघतेय. मी मान हलवली. माझ्यानं होत नव्हतं.

"मी चपलांपाशी जातो," मी अण्णांना म्हणालो.

अण्णा तोवर आमच्या मागं, दाराशी उभे होते. ते पुढं आले. माझ्याकडं बघितलं नाही. सदऱ्याची बटणं सोडली, सदरा काढून अक्काच्या हातात दिला. मग बंडी दोन्ही हातांनी धरली, थोडे थांबले, आणि डोक्यावरून ओढून काढली.

अण्णांच्या छातीत वाटी होती. माझ्यापेक्षा खोल. मधलं हाड इतकं आत की दोन्हीकडच्या बरगड्यांची सावली त्यात पडली होती. माझ्या बापाची छाती मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. सोळा वर्षं एका घरात राहून.

"चल," अण्णा म्हणाले. "दोघं जाऊ."

बटणं कशी निघाली मला आठवत नाही. एक तर तुटलंच. शर्ट कुठं टाकला तेही आठवत नाही. मी आणि अण्णा खाली उतरून गाभाऱ्यात गेलो, ओल्या दगडावर गुडघे टेकले, आणि माझ्या उघड्या छातीला आतली थंड हवा लागली. कुणीतरी चुकून खांद्यानं ढकललं. शेजारच्या माणसाचं कोपर माझ्या बरगडीला लागलं, अगदी व्रणाच्या वर, आणि तो म्हणाला, "सरका जरा." बस, एवढंच. सरका जरा. माझ्या छातीवर जगानं दिलेला एवढाच शेरा होता आणि तो ऐकून मला इतका आनंद झाला की मी पिंडीवर अर्धा तांब्या एकदम ओतला. अण्णांनी माझा हात धरून उरलेलं पाणी हळूहळू ओतायला लावलं.

बाहेर आलो आणि पायऱ्यांवर उन्हात बसलो. माझा शर्ट अक्कानं उचलून ठेवला होता. ती आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. अण्णांनीही सदरा मागितला नाही. बघायचं नाही असं ठरवूनही मी त्यांच्या छातीकडं बघत होतो. त्यांनी बघू दिलं.

"डॉक्टरांना तर घरात कुणाचीच नाय म्हणालात तुम्ही," मी म्हणालो.

"व्हय."

"काहून?"

अण्णांनी माझ्या काखेखालच्या व्रणावर एक बोट ठेवलं. पट्टीची कड बघितली होती तसंच, अंदाज घेत.

"लई दुखलं का रं?"

"दुखलं. पण जातं."

"माझं बी भरलं आसतं का? तव्हा आसं काही आसतं तर?"

"भरलं असतं, अण्णा," मी म्हणालो. "तुम्हाला जरा जाड पट्टी लागली असती." ते हसले. त्यांची वाटी हसताना आत-बाहेर होत होती.

माय पूजेचं ताट घेऊन खालच्या पायरीवर बसली होती. ती आमच्याकडं न बघता, ताटातलं आवरत म्हणाली, "हळदीला बी बंडी काढली नव्हती ह्यांनी. बाया म्हणून म्हणून थकल्या. नवऱ्याच्या अंगाला हळद लागलीच नाय. सगळी बंडीलाच लागली."

अण्णांची मान खाली गेली. मायनं ताटातल्या कोयरीतून हळदीची चिमूट घेतली, दोन थेंब पाण्यात कालवली, वर सरकली, आणि भर पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्या एवढ्या माणसांत, ती अण्णांच्या छातीच्या खळग्यात लावायला लागली.

"आगं, लोकं बघायलेत," अण्णा म्हणाले.

"बघू द्या," माय म्हणाली.